रेजायनाची तळटीप

त्या काळी अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका हाताने लिहिल्या जात. मराठी टंकयंत्र कोणाकडे असायचं नाही, त्यामुळे ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या गळ्यात ते काम पडे. लेख सुवाच्य उतरवून काढायचे, पानं छापखानेवाल्याला द्यायची, त्याने फोटो काढून प्रती काढायच्या. १९८७च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या प्लेनोच्या मंडळात हे काम शरयू हर्डीकरांच्या गळ्यात पडलं.

शरयूताई तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. पंचवीस वर्षं कॅनडातल्या रेजायना गावी डॉक्टरकी करून त्या जूनमध्येच लेकीकडे राहायला आल्या होत्या. यजमान, जगन्नाथराव, तीन वर्षांपूर्वी गेले. एकटीने तिथला बर्फ उपसत बसू नकोस, असं सुलेखाने आग्रहाने सांगितलं आणि ताईंनी घर भाड्याने देऊन टेक्सास गाठलं. इथे सगळंच मोठं, घर मोठं, रस्ते मोठे, ऊनही मोठं. जावई गिरीश हृदयरोगतज्ज्ञ होता, दिवसभर बाहेर. सुलेखा बँकेत. ताई तशा रिकाम्याच होत्या. म्हणून मंडळाची चिटणीस विनीता एका सकाळी लेखांचं बाड घेऊन आली तेव्हा त्यांना बरंच वाटलं.

"काकू, सुलेखा म्हणाली तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. डॉक्टर असून!" विनीता हसली. "या वर्षीचा विषय आहे 'आमचं इकडचं पहिलं गाव'. जो जिथे पहिल्यांदा उतरला त्या गावाबद्दल. गणपतीच्या आधी प्रिंटरकडे गेलं पाहिजे. मला चेक करायला वेळ नाही हं, तुम्ही लिहाल तसं डायरेक्ट जाईल."

चार दिवस ताई जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होत्या. कोणाचं डेट्रॉइट, कोणाचं बफेलो. पाचव्या दिवशी बाडातून एक लेख निघाला, 'प्रेअरीची राणी : रेजायना'. ताईंना आधी आनंदच झाला. मग खालचं नाव वाचलं. डॉ. नरेंद्र शेजवलकर.

हे नाव त्या विसरलेल्या नव्हत्या. तो माणूस याच गावात आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लेख वाचायला घेतला.

लेख तसा खुसखुशीत होता. उणे चाळीस तापमान, इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेच्या तारेला जोडून ठेवायच्या गाड्या, सपाट माळ इतका की कुत्रा घर सोडून पळाला तर तीन दिवस दिसत राहतो, असले विनोद. पुढे लिहिलं होतं की ओसाड माळावर शिस्तप्रिय इंग्रजांनी हे गाव वसवलं, राणी व्हिक्टोरियावरून रेजायना, म्हणजे लॅटिनमध्ये राणी, असं नाव दिलं, आणि पुढे समाजवाद्यांनी त्याची वाट लावली. मग १९६२चा डॉक्टरांचा संप. त्या प्रांताच्या सरकारने कायदा केला की सगळ्यांच्या औषधपाण्याचा भार सरकार उचलेल, आणि त्याविरुद्ध गावोगावच्या डॉक्टरांनी एक जुलैला दवाखान्यांना कुलपं घातली. 'आम्ही लढलो,' असं शेजवलकरांनी लिहिलं होतं. त्याखालचा परिच्छेद ताईंनी दोनदा वाचला.

'या काळात गावातल्या लोकांनी स्वतःचा दवाखाना काढून इंग्लंडहून अर्धेकच्चे डॉक्टर गोळा केले. मी तेव्हा इंटर्न होतो. अशाच एका बाई डॉक्टरने एका रेड इंडियन बाळंतिणीला इतक्या उशिरा आमच्याकडे आणलं की मूल तर गेलंच, ती बाईही मरता मरता वाचली. गर्भाशय काढावं लागलं. सरकारी वैद्यक म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं.'

ताईंनी पेनाला टोपण लावलं आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या.

ती बाई डॉक्टर त्याच होत्या.

जुलै ६२मध्ये त्या इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका इस्पितळात होत्या. रेजायनाच्या लोकांनी डॉक्टर मागवलेत, असं कळलं आणि त्या, जगन्नाथराव आणि चार वर्षांची सुलेखा आठवड्याभरात तिथे पोचले. ज्यांनी बोलावलं होतं ती माणसं शेजवलकरांच्या लेखात कुठेच नव्हती. गावाच्या पूर्वेकडच्या वस्तीतले जर्मन सुतार, युक्रेनी रेल्वे कामगार, रुमानियन खाटीक. त्यांनी एक बंद पडलेलं किराणा दुकान घासूनपुसून त्याचा दवाखाना केला होता. घरमालकीण ओलेना विधवा होती आणि सगळे तिला 'बाबा' म्हणत, कारण युक्रेनी भाषेत बाबा म्हणजे आजी. जगन्नाथरावांना याचं फार हसू यायचं. ही ओलेना बाबा त्यांना भाजीच्या बागेत उभं करून गाव दाखवायची. तळ्याकडे बोट करून म्हणायची, हे देवाने केलेलं नाही, मंदीच्या वर्षांत माझ्या नवऱ्याने आणि दोन हजार बेकारांनी फावड्याने खणलंय. हे झाड लावलेलं, ते झाडही लावलेलं, या माळावर आपणहून उगवलेलं झाड एक नाही. आणि ३५ साली बाजारचौकात पोलिसांनी बेकारांच्या मोर्च्यावर घोडे घातले तेव्हा माझ्या याच दारात सहा जण लपले होते.

संप तेवीस दिवसांत मिटला. तडजोड झाली, कायदा राहिला. पण गाव दुभंगलं ते दुभंगलंच. जुने डॉक्टर दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलत नसत. सगळ्यात वाईट म्हणजे इस्पितळात त्यांना पाय ठेवू देत नसत. स्वतःचा रोगी असला तरी त्याला दारात सोडून परत जायचं.

त्या नोव्हेंबरात एका सकाळी बर्नडेट पेल्टिए नावाच्या तेवीस वर्षांच्या बाईला सातव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. ती रेड इंडियन नव्हती, मेटी होती. क्री या तिथल्या मूळ जमातीतल्या आया आणि फ्रेंच बाप यांच्या वंशातले हे लोक गोऱ्यांच्या गावाआधीपासून त्या माळावर राहत होते आणि आता गावाबाहेर सरकारी रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत होते. ताईंनी तिला स्वतःच्या गाडीत घातलं आणि बर्फातून इस्पितळात नेलं. दारातल्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारात इंटर्न शेजवलकर उभे होते.

"मॅडम, तुमचं नाव यादीत नाही," ते इंग्रजीत म्हणाले होते. मराठी बाईशी, इंग्रजीत.

"माझं नसू दे. तिला आत घ्या. वार सुटतेय, वेळ नाही."

"सर येईपर्यंत मला दवाखान्याचा पेशंट घेता येत नाही. तशी ऑर्डर आहे."

सर चाळीस मिनिटांनी आले. तोवर बर्नडेट बाकावर होती. पुढे तिथल्या वैद्यकीय मंडळाने चौकशी केली तेव्हा कागदावर पोचण्याची वेळ अकरा लिहिलेली निघाली. खाली सही शेजवलकरांची. उशीर केल्याचा ठपका ताईंवर आला, आणि तो पुढची आठ वर्षं प्रत्येक अर्जाबरोबर त्यांच्या मागे फिरला.

संध्याकाळी सुलेखा बँकेतून आल्यावर ताईंनी तिला लेख दाखवला. वाचता वाचता सुलेखाचा चेहरा उतरला, पण ताईंना वाटलं होतं त्या कारणाने नव्हे.

"आई, हे तू आत्ता काढू नकोस. प्लीज."

"मी काढलेलं नाही. त्यांनी काढलंय."

"गिरीश जानेवारीत त्यांच्याच ग्रूपला जॉइन होतोय. शेजवलकर काकाच सीनियर पार्टनर आहेत. तुला माहीत नव्हतं, ओके. आता कळलं ना? तुझं नाव कुठे आहे यात? कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना. आणि मीच ते माझ्या हाताने लिहून काढायचं."

"मग ते एक पान विनीताला दे परत. ती दुसऱ्या कोणाला देईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी मंडळाच्या यादीतून शेजवलकरांचा नंबर शोधला आणि सरळ फोन लावला. स्वतःचं नाव सांगितलं.

"हर्डीकर बाई? तुम्ही इथे? गिरीश नाडगौडाच्या सासूबाई म्हणजे तुम्ही?"

"हो. तुमचा लेख माझ्याकडे उतरवायला आलाय. एवढंच सांगायला फोन केला की तो एक परिच्छेद काढून टाका. बाकी तुमची मतं तुमची, ती राहू द्या."

"अहो, पंचवीस वर्षं झाली. नाव तरी कुठे घेतलंय मी तुमचं?"

"कागदावरची वेळ खोटी आहे. तुम्हाला माहीत आहे."

"हे बघा," शेजवलकरांचा आवाज एकदम इस्पितळातला झाला, "रेकॉर्डवर जे आहे ते आहे. चौकशी झाली, निकाल लागला. तुम्हाला आवडलं नाही म्हणून मी इतिहास बदलू का? आणि एक सांगतो, तुम्ही या गावात नव्या आहात. गिरीश चांगला मुलगा आहे. त्याच्या वाटेत येऊ नका."

"म्हणजे काढणार नाही."

"छापायचं ते छापलं जाईल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ताईंनी तसाच दुसरा फोन लावला, रेजायनाला. बर्नडेट पुढे शिकली होती आणि त्याच दवाखान्यात अठरा वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसत होती. ताईंनी तिला लेख इंग्रजीत सांगितला. मग विचारलं, मी खरं काय ते लिहिलं तर चालेल का, तुझ्या दुःखाची गोष्ट आहे, तू नाही म्हणालीस तर नाही लिहिणार.

"त्याने मला विचारलं होतं का?" बर्नडेट म्हणाली. मग, "लिही. दहा वीस. मी बाकावर पडून त्या घड्याळाकडेच बघत होते, दुसरं काही बघायला नव्हतं. आणि माझं नाव लिही, शरयू. 'एक बाई' म्हणून नको."

त्या दुपारी ताईंनी शेजवलकरांचा लेख लिहायला घेतला. एक अक्षर गाळलं नाही, एक वेलांटी बदलली नाही. 'अर्धेकच्चे' हा शब्दही तितकाच सुबक काढला. लेख पानाच्या मध्यापर्यंत आला. खाली अर्धं पान कोरं राहिलं. तिथे त्यांनी एक रेघ मारली आणि रेघेखाली त्याच अक्षरात लिहिलं :

'वरील लेखातली बाई डॉक्टर मी. रुग्णाचं नाव बर्नडेट पेल्टिए, आणि हे तिच्या संमतीने लिहीत आहे. आम्ही इस्पितळाच्या दारात सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. डॉ. शेजवलकर यांनी आम्हाला चाळीस मिनिटं दारात थांबवलं, कारण मी लोकांनी काढलेल्या दवाखान्यात काम करत होते. नंतर त्यांनी कागदावर अकराची वेळ लिहिली. मूल त्या चाळीस मिनिटांत गेलं. हा परिच्छेद गाळावा अशी विनंती मी त्यांना छपाईपूर्वी केली होती. आणखी एक. तो माळ ओसाड नव्हता. तिथले लोक त्या जागेला हाडांचे ढीग असलेली जागा म्हणत, कारण ते तिथे गव्यांची शिकार करत आणि हाडं रचून ठेवत. इंग्रजांनी फक्त नाव बदललं. डॉ. शरयू हर्डीकर.'

विनीता पानं घ्यायला आली तेव्हा ती घाईत होती. ताई तिला सांगू शकल्या असत्या. त्यांनी सांगितलं नाही. लिफाफा बंद करून तिच्या हातात दिला.

गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. आरती झाली, जेवणाची रांग लागली आणि दारातल्या टेबलावरून स्मरणिका वाटायला सुरुवात झाली. ताई सुलेखाशेजारी बसल्या होत्या. पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. लोक स्वतःचा लेख शोधून स्वतःच वाचत होते. मग पलीकडच्या टेबलावर दोनचार डोकी एका अंकावर वाकली. कोणीतरी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. 'हर्डीकर कोण?' हा प्रश्न टेबलाटेबलांवरून पुढे सरकत आला.

गिरीशच्या हातात अंक कोणीतरी उघडूनच दिला. त्याने वाचलं आणि तो सुलेखापुढे ठेवला.

"आई," सुलेखा इतक्या हळू म्हणाली की ताईंना तिच्या ओठांवरूनच कळलं, "काय केलंस तू?"

तेवढ्यात शेजवलकर समोर येऊन उभे राहिले. उंच, रेशमी झब्बा, कपाळाला गुलाल. हातातला अंक त्यांनी टेबलावर आपटला तशी ताटातली आमटी हिंदकळली.

"ही तुमची लायकी? दुसऱ्याच्या लेखाखाली चोरून लिहायचं?"

"चोरून नाही. सही केली आहे," ताई म्हणाल्या. "सही केली की कागद खरा होतो, असं तुमचंच म्हणणं आहे ना?"

"खोटारड्या बाई आहात तुम्ही."

"अहो डॉक्टर, सणाचा दिवस आहे," कोणीतरी मध्ये पडलं. दुसरं कोणी म्हणालं, "सणाचा दिवस यांना कळायला नको का? म्हातारपणी काय हे!" मागून एका तरुण सर्जनचा आवाज आला, "सोशलिस्ट लोक असेच असतात यार." हसू उमटलं. ताईंच्या बाजूने बोलायला कोणी उठलं नाही. एक बाई अंक छातीशी धरून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या, पण त्यांच्या नवऱ्याने त्यांना कोपराला धरून उठवलं.

शेजवलकर खाली वाकले. आता ते फक्त ताईंना ऐकू जाईल असं बोलत होते. "तुम्हाला काय माहीत तेव्हा माझं काय चाललं होतं? माझा परवाना त्या आमच्या सराच्या हातात होता. तो म्हणाला अकरा लिही. नसतं लिहिलं तर पुढच्या बोटीने नागपूर. तुमच्याकडे विलायतेची डिग्री होती, नवरा होता. माझ्याकडे काय होतं?"

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ताई म्हणाल्या. "म्हणून तर पंचवीस वर्षं मी कुठे तुमचं नाव घेतलं नाही. पण हा लेख तुम्हाला कोणी लिहायला लावला?"

शेजवलकरांचा चेहरा तांबडालाल झाला. ते सरळ उभे राहिले. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गिरीश, आय अ‍ॅम सॉरी फॉर यू," आणि निघून गेले.

त्यांच्या मागोमाग विनीता आली. रडवेली झाली होती. "काकू, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता. आता सगळे मला विचारतायत."

"तुझी मी गुन्हेगार आहे," ताई म्हणाल्या. "तुझी माफी मागते. तुझी एकटीची."

विनीताने ती माफी घेतली नाही. मागे वळून तिने स्वयंपाकघरातल्या कात्र्या मागवल्या, आणि समितीचे चार जण वाटायच्या राहिलेल्या प्रतींतून ते पान कापायला बसले. जेवण झालं तरी कातरण्याचा आवाज चालू होता.

गाडीने हायवे सोडल्यावर गिरीश म्हणाला, "आई, तुम्ही मला एकदा विचारायचंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो. म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

घरी आल्यावर सुलेखाचा बांध फुटला. ती मराठीत सुरू झाली आणि बघता बघता इंग्रजीत गेली. "तुला तो दवाखाना, ती बर्नडेट, ती ओलेना बाबा, सगळं आठवतं. माझा पाचवा बर्थडे आठवतो? तू चौदा मुलांना बोलावलं होतंस. चौदा टोप्या केल्या होत्यास कागदाच्या. एक मूल आलं नाही. त्यांच्या आयांनी पाठवलं नाही, कारण मी त्या डॉक्टरची मुलगी. आय वॉज फाइव्ह, आई! आणि आज पुन्हा तेच केलंस तू माझ्या घरात. तुझं खरं असेल. नेहमी तुझंच खरं असतं. पण आम्ही काय त्याखाली चेंगरून मरायचं?"

ताईंना त्या टोप्या आठवत होत्या. संध्याकाळी जगन्नाथरावांनी एक डोक्यावर घालून पोरीला हसवायचा प्रयत्न केला होता. ती हसली नव्हती. आपण चुकलो, असं त्यांना आजच्या पानाबद्दल वाटत नव्हतं. "मी जाते परत," एवढंच त्या म्हणाल्या.

"जा," सुलेखा म्हणाली.

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. भाडेकरूला नोटीस देता येईना म्हणून पहिले चार महिने बर्नडेटच्या मागच्या खोलीत राहिल्या. गिरीशला शेजवलकरांच्या ग्रूपमधून दोन ओळींचं पत्र आलं. त्याने फोर्ट वर्थला दुसरीकडे नोकरी धरली, रोज सव्वा तास जायला आणि सव्वा तास यायला. शेजवलकर पुढच्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष झाले. कबूल त्यांनी कधीच काही केलं नाही, पण तो लेख पुन्हा कुठे छापायलाही दिला नाही.

रेजायनातल्या ज्या वैद्यकीय मंडळाने ताईंवर ठपका ठेवला होता त्यांना ताईंनी आणि बर्नडेटने मिळून पत्र लिहिलं. उत्तर आलं की इतक्या जुन्या प्रकरणाची फाइल आता उघडता येत नाही.

सुलेखा दर रविवारी सकाळी फोन करायची. तिकडे बर्फ किती, गोळ्या वेळेवर घेतेस का, एवढं विचारायची. पाचेक मिनिटं. ताई आणखी काही विचारू लागल्या की म्हणायची, आई, गिरीश उठलाय, ठेवते. आणि ठेवायची.